मैदान आणि मजुरी

इंग्लंड आणि स्कॉटलंड येथील खालच्या विभागांत खेळणाऱ्या फुटबॉल क्लबांच्या कार्यकारी मंडळांपुढे दर काही वर्षांनी एक प्रश्न हटकून येऊन उभा राहतो. तिकिटबारीचे उत्पन्न आणि खेळाडूंचे पगार यांची तोंडमिळवणी होत नाही, सावकारांचे तगादे वाढतात, एखादा उदार धनिक हात आखडता घेतो, आणि मग ताळेबंद पुढ्यात ठेवून मंडळी विचारू लागतात की, खेळाडूंना बारमाही पगारावर बाळगण्याऐवजी दिवसा आपापली नोकरी करून आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावास येणारे अर्धवेळ खेळाडू ठेवले तर काय बिघडेल? या प्रश्नाची चर्चा बहुधा अशा सुरात चालते की, जणू पूर्णवेळ खेळाडू ही या खेळाची मूळ आणि स्वाभाविक अवस्था असून अर्धवेळ खेळाडू म्हणजे तिच्यापासून झालेली घसरण होय. इतिहासाचा कौल याच्या उलट आहे. खेळाडूच्या हाती दुसरा धंदा असणे हीच या खेळाची जुनी घडी होती. ती कशी पडली, कोणी मोडली आणि तिच्यात कोणाचे हित व कोणाचा जाच होता हे समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचा निवाडा करू नये असे मला वाटते, कारण आजवरच्या वादांत क्लबच्या जमाखर्चाची बाजू पुष्कळ ऐकू आली, खेळाडूच्या आठवड्याची बाजू फारशी कोणी मांडली नाही.

फुटबॉल असोसिएशनची स्थापना लंडनमध्ये १८६३ साली झाली ती मोठमोठ्या निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या सुखवस्तू तरुणांच्या पुढाकाराने, आणि खेळाबद्दल मोबदला घेण्याची कल्पना त्यांच्या मनाला शिवण्याचे कारणही नव्हते. परंतु खेळाचे भवितव्य दुसरीकडेच घडत होते. १८५० च्या कारखाना कायद्याने सूतगिरण्यांतील स्त्रियांचे व अल्पवयीनांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबलेच पाहिजे असा दंडक घातला, त्यांच्यावाचून पुरुषांचे यंत्रही चालणे दुरापास्त असल्यामुळे लँकेशायरच्या गिरणगावांत हळूहळू सर्वांनाच शनिवारची अर्धी सुटी मिळू लागली, आणि त्या मोकळ्या झालेल्या दुपारीतून सामना खेळणारे व पैसे मोजून तो पाहणारे असे दोन्ही वर्ग एकाच वेळी जन्मास आले. शनिवारी तीन वाजता सामना सुरू करण्याचा प्रघात पडला तो याच भोंग्याच्या हिशेबाने. म्हणजे ज्या खेळाला आपण आज स्वतंत्र उद्योग मानतो, तो मुळात मजुरीच्या वेळापत्रकात सापडलेल्या एका फटीत उगवला होता.

ही फट किती अरुंद होती याचा प्रत्यय डार्वेन या गिरणगावाच्या संघाला १८७९ साली आला. असोसिएशनच्या चषकस्पर्धेत त्याची गाठ ओल्ड इटोनियन्स या इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाशी पडली. पहिला सामना ५-५ असा आणि दुसरा २-२ असा बरोबरीत सुटला, आणि तिसऱ्यात डार्वेनचा ६-२ असा पराभव झाला. हे तिन्ही सामने लंडनमध्ये झाल्यामुळे गिरणीत काम करणाऱ्या त्या खेळाडूंना सुमारे महिन्याभरात तीनदा राजधानीची वारी करावी लागली. गावाने वर्गणी गोळा करून त्यांचा प्रवासखर्च उभा केला. त्याच संघात फर्गस सूटर नावाचा ग्लासगोकडचा एक पाथरवट होता. इंग्लंडात आल्यावर थोड्याच दिवसांत त्याने आपला धंदा सोडला, आणि इथला दगड घडवायला फार कठीण आहे असे कारण सांगितले अशी आख्यायिका आहे. पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली तरी त्याचा उदरनिर्वाह चालू राहिला, यावरून त्याला पैसा कोठून मिळत होता हे गावाला कळत होते. पुढल्याच वर्षी तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला.

१८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सचा २-१ असा पराभव करून चषक प्रथमच उत्तरेकडे नेला. त्या संघात विणकर होते, सूत कातणारा होता, प्लंबर होता, लोखंडाच्या कारखान्यातील कामगार होता. सामन्यापूर्वी त्यांना समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावी नेऊन काही दिवस केवळ सरावासाठी ठेवण्यात आले होते. विणकराला मागावरून उठवून, त्याचा रोज बुडू न देता, पोटभर खाऊ घालून पळवले तर तो जमीनदाराच्या मुलापेक्षा कमी पडत नाही, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली, आणि माझ्या मते पूर्णवेळ खेळाडूच्या कल्पनेचे बीज त्या ब्लॅकपूलच्या मुक्कामातच पडले.

पुढल्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंडच्या विरुद्ध लंडनच्या अप्टन पार्क क्लबाने फिर्याद गुदरली की, हा संघ पैसे देऊन खेळाडू आणतो. प्रेस्टनचे सूत्रधार विल्यम सडेल हे स्वतः गिरणीचे व्यवस्थापक होते. त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केले की, बाहेरगावच्या खेळाडूंना आपण प्रेस्टनमध्ये कामे मिळवून दिली आहेत आणि उत्तरेकडील इतर क्लबही हेच करतात. क्लब स्पर्धेतून बाद झाला. पण उत्तरेच्या क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिल्यावर असोसिएशनला नमते घ्यावे लागले आणि जुलै १८८५ मध्ये धंदेवाईक खेळाडूला रीतसर मान्यता मिळाली. तीही सशर्त होती: चषकस्पर्धेत खेळायचे तर तो क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा तेथे दोन वर्षे राहिलेला असला पाहिजे. या प्रकरणातील एक तपशील मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सडेल यांनी खेळाडूंना दिल्या त्या नोकऱ्या होत्या. मोबदल्याचे पहिले रूप मजुरीच्या आड दडलेले होते, आणि गिरणीचे हजेरीपत्रक हाच क्लबचा पगारपट होता.

रग्बीच्या क्षेत्रात हाच तंटा अधिक कडवट झाला. यॉर्कशायर व लँकेशायरच्या क्लबांनी खेळाडूंना बुडालेल्या रोजाची भरपाई, दिवसाला सहा शिलिंग, देण्याची मुभा मागितली होती. ती नाकारली गेल्यावर त्यांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात सभा भरवून वेगळी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. या युनियनने १८९८ मध्ये उघड मोबदला मान्य केला, पण त्याबरोबर असाही नियम केला की, खेळाडूला खरीखुरी नोकरी किंवा धंदा असलाच पाहिजे. ज्याचे काम गेले त्याचे खेळणेही थांबे. अर्धवेळ खेळाडू हे तेथे सोयीचे साधन नव्हते, कायद्याचे कलम होते. हा नियम थोड्या वर्षांतच सोडून द्यावा लागला, कारण मंदीच्या दिवसांत कामावरून काढलेल्या मजुराला मैदानावरूनही काढणे हा अन्यायच होता. तथापि त्यामागे जो हेतू होता, खेळ संपल्यावर माणूस उघडा पडू नये हा, तो क्षुद्र नव्हता.

फुटबॉलमध्ये १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली आणि वरच्या श्रेणीत पूर्णवेळ खेळाडू स्थिर झाला. परंतु बिली मेरेडिथची हकीकत पाहावी. वेल्समधील चर्क गावचा हा मुलगा बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला, तेथे गाड्या ओढणाऱ्या तट्टांना हाकण्याचे काम करू लागला, आणि १८९४ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केल्यावरही पहिले वर्षभर त्याने खाण सोडली नाही. घरच्यांचा, विशेषतः आईचा, खेळावरच्या पोटावर भरवसा नव्हता. आठवडाभर भूगर्भात, शनिवारी आगगाडीने मँचेस्टर किंवा आणखी दूर, आणि परत खाणीत, असा त्याचा क्रम होता. हाच मेरेडिथ पुढे आपल्या काळातला सर्वांत गाजलेला विंगर झाला आणि डिसेंबर १९०७ मध्ये मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. मजुरांच्या चळवळीचे संस्कार खाणीतल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नसत.

संघटना काढावी लागली, कारण पूर्णवेळ खेळाडूची अवस्था बाहेरून दिसे तितकी हेवा करण्याजोगी नव्हती. १९०१ पासून आठवड्याला चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा ठरली. कुशल कारागिराच्या मजुरीच्या ती सुमारे दुप्पट असली तरी खेळाडूची कारकीर्द जेमतेम दहा-बारा वर्षांची, आणि खालच्या विभागांत ही मर्यादा गाठणारे थोडेच. याहून जाचक बाब म्हणजे कराराची मुदत संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबच्याच ताब्यात राहत असे. क्लबने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे, मग त्याला पगार मिळो वा न मिळो. ही वहिवाट १८९०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत टिकली. वेतनमर्यादा १९२२ मध्ये मोसमात आठ पौंड व उन्हाळ्यात सहा पौंड होती, १९५८ मध्ये ती वीसपर्यंत चढली, आणि जानेवारी १९६१ मध्ये रद्दबातल झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर सर्व करारच खारीज झाले होते आणि सामन्यामागे तीस शिलिंग एवढाच मोबदला मिळत असे. त्या वर्षांत देशातला प्रत्येक खेळाडू सक्तीने अर्धवेळ झाला होता.

या बंधनात दुसरा धंदा म्हणजे काय आधार होता हे टॉम फिनी यांच्या उदाहरणावरून दिसते. वडिलांच्या आग्रहाने ते आधी प्लंबरचे काम शिकले आणि इंग्लंडतर्फे ७६ सामने खेळण्याच्या काळातही त्यांनी ते सोडले नाही. प्रेस्टनमध्ये लोक त्यांना प्लंबर म्हणूनच ओळखत. १९५२ साली सिसिलीतील पालेर्मो क्लबाने त्यांच्यापुढे करारापोटी दहा हजार पौंड ठेवले होते. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी परवानगी नाकारली आणि विषय तेथेच संपला. ज्याला स्वतःच्या कौशल्याचा बाजारभाव घेता येत नव्हता त्याच्या मालकीचा निदान नळदुरुस्तीचा धंदा होता, आणि १९६० मध्ये बूट उतरवल्यावर तोच त्याच्या कामी आला.

जॉर्ज ईस्टहॅम यांचे प्रकरण याहून बोलके आहे. १९६० साली न्यूकॅसल युनायटेडने त्यांना सोडण्यास नकार दिला तेव्हा त्यांनी खेळण्याचेच नाकारले, दक्षिणेत जाऊन एका स्नेह्याच्या व्यवसायात बुचांचे लाकूड विकण्याची नोकरी धरली आणि काही महिने त्यावर निर्वाह केला. अखेर न्यूकॅसलला त्यांना आर्सेनलकडे पाठवणे भाग पडले, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला धरून ठेवण्याची ती पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन असल्याचा निर्णय दिला. फुटबॉलच्या इतिहासातील या सर्वांत मोठ्या मुक्तीच्या मुळाशी मैदानाबाहेरची एक साधी नोकरी होती हे मला विसरता येत नाही. ज्याच्या घरची चूल क्लबच्या पगारावाचून पेटते तोच क्लबला नाही म्हणू शकतो.

मात्र येथेच थांबलो तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल. जॉक स्टीन हे लॅनार्कशायरच्या कोळसा खाणीत किशोरवयात कामाला लागले आणि १९४२ पासून कोटब्रिजच्या अल्बियन रोव्हर्सतर्फे खेळत असतानाही खाणीतच राबत राहिले. १९५० मध्ये वेल्समधील लॅनेली या लीगबाहेरच्या क्लबाने त्यांना आठवड्याला बारा पौंडांवर पूर्णवेळ घेतले. पुढल्या वर्षी ते सेल्टिकला गेले, आणि त्याच सेल्टिकचे व्यवस्थापक म्हणून १९६७ साली त्यांनी युरोपीय चषक ब्रिटनमध्ये प्रथमच आणला. स्टीन यांना पूर्णवेळ करार म्हणजे अंधारातून, धुळीतून आणि दरड कोसळण्याच्या भीतीतून सुटका होती. त्यांना अर्धवेळ राहण्याचे गुण सांगणे हा क्रूरपणा ठरला असता. उलट ॲलेक्स फर्ग्युसन यांचे पाहा: क्वीन्स पार्क आणि सेंट जॉन्स्टन येथे खेळताना ते यंत्रांची हत्यारे घडवण्याचे काम शिकत व करत होते, कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मालकांशी भांडतही होते, १९६४ मध्ये डनफर्मलिनने घेतल्यावरच ते पूर्णवेळ झाले. पुढे १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायरचे व्यवस्थापकपद त्यांनी स्वीकारले तेही आठवड्याला चाळीस पौंडांचे अर्धवेळ काम होते. खाणकामाने स्टीन यांचे शरीर झिजवले, कारखान्याने फर्ग्युसन यांना माणसे हाताळण्याची विद्या दिली. अर्धवेळ पद्धत बरी की वाईट, याचे उत्तर मैदानावर शोधून सापडत नाही. ते दुसऱ्या धंद्याच्या स्वरूपात असते.

आणखी एक नाव घेण्याचा मोह आवरत नाही. १९५८ च्या म्यूनिक विमान-अपघातानंतर उद्ध्वस्त झालेल्या मँचेस्टर युनायटेडच्या मदतीस बिशप ऑकलंड या हौशी क्लबाने आपले तीन खेळाडू पाठवले. त्यांतील वॉरन ब्रॅडली हे पेशाने शिक्षक होते. १९५९ मध्ये ते इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळले, आणि पुढे मुख्याध्यापक झाले.

कमाल वेतनाची मर्यादा गेल्यावर वरच्या श्रेणीचे पगार झपाट्याने चढू लागले आणि खालच्या क्लबांची कोंडी झाली. वरच्यांसारखे दिसायचे तर पूर्णवेळ संघ हवा, त्याला बारा महिन्यांचा पगार, दिवसाच्या सरावाचे मैदान आणि वैद्यकीय व्यवस्था हवी. प्रेक्षक मात्र दोन-तीन हजार, कधी पाचशेच. ॲक्रिंग्टन स्टॅनलीने मार्च १९६२ मध्ये, मोसमाच्या मध्येच, कर्जाच्या ओझ्याखाली लीगचा राजीनामा दिला. स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाचा क्लब ब्रुक्स माइलसन या धनिकाच्या पैशावर लागोपाठ तीन बढत्या मिळवून २००७ मध्ये सर्वोच्च विभागात पोहोचला, २००६ मध्ये स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात हार्ट्सकडून पेनल्टींवर हरला, आणि माइलसन आजारी पडताच २००८ मध्ये कोसळून नामशेष झाला. १८९४ पासून लीगमध्ये असलेल्या बरीला ऑगस्ट २०१९ मध्ये तिच्यातून काढून टाकण्यात आले. एका दात्याच्या तब्येतीवर किंवा मर्जीवर जेव्हा पंचवीस घरांचा पगार अवलंबून राहतो, तेव्हा पूर्णवेळ या शब्दातील प्रतिष्ठा फार महाग पडते.

याउलट आर्ब्रोथ हा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील क्लब. त्याच्या गेफील्ड मैदानाच्या भिंतीला उत्तर समुद्राच्या लाटा भिडतात आणि वाऱ्यामुळे गोलरक्षकाने उंच मारलेला चेंडू कधी कधी त्याच्याकडेच परत फिरतो. २०२१-२२ च्या मोसमात डिक कॅम्बेल यांच्या या अर्धवेळ संघाने, ज्याचा एक लोकप्रिय विंगर दिवसा कचरा उचलण्याच्या गाडीवर काम करी, दुसऱ्या श्रेणीत पूर्णवेळ संघांना मागे टाकून किल्मार्नकच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक मिळवला आणि सर्वोच्च विभागाची बढती अगदी थोडक्यात हुकवली. त्यांचे साधन सरळ होते: तिशीच्या आसपासचे, बरी नोकरी व घरदार असलेले, पूर्णवेळ खेळाची अनिश्चितता नकोशी झालेले जाणते खेळाडू त्यांनी हेरले. नोकरीच त्यांना त्या क्लबकडे घेऊन आली. अर्थात असा संघ तरुण पोरांचा नसतो, आणि अशा संघाला दर दोन वर्षांनी नवे खेळाडू शोधावे लागतात. २०२४ मध्ये आर्ब्रोथ एक श्रेणी खाली घसरलाही. उलट दीडशे वर्षे हौशी बाणा जपणाऱ्या क्वीन्स पार्कने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो ठरावाने सोडून दिला, हेही त्याच देशातले.

मुंबईच्या वाचकाला हे सारे अगदी परके वाटू नये. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या या शहरात टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका अशा आस्थापनांचे संघ पिढ्यानपिढ्या कूपरेजवर खेळले. खेळाडू कचेरीच्या हजेरीपटावर असे, दुपारी सरावासाठी सवलतीने सुटे, आणि खेळ संपल्यावर त्याच टेबलाशी बसून निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचे. लँकेशायरच्या गिरणीमालकांची रीत येथे अधिक माणुसकीने पाळली गेली असे मी म्हणेन, कारण येथे नोकरी हा मोबदला लपवण्याचा पडदा न राहता आयुष्याची हमी झाली. परवान्याच्या निकषांत न बसल्याने २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना आय-लीगमधून वगळण्यात आले. त्याआधी, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला होता. त्या हमीच्या जागी नव्या व्यवस्थेने खालच्या श्रेणीतल्या खेळाडूला नेमके काय दिले, हे त्या व्यवस्थेच्या चालकांनी अजून सांगायचे आहे.

माझे मत उघड आहे: ज्या क्लबचा पगारपट तिकिटांवर भागत नाही आणि एखाद्याच्या औदार्यावर तगून आहे, त्याने अर्धवेळ व्हावे. पण ते एका रात्रीत, चालू करार मोडून आणि एकोणीस वर्षांच्या मुलांच्या हाती नारळ देऊन होता कामा नये. दोन वर्षांची मुदत ठरवावी, त्या मुदतीत प्रत्येक तरुण खेळाडूला क्लबच्या खर्चाने एखादे कसब शिकवावे, आणि सरावाच्या संध्याकाळी ठरल्या म्हणजे व्यवस्थापकाने त्या वाढवू नयेत. अर्ध्या पगारात पूर्ण वेळ मागण्याची चाल अनेक ठिकाणी पडली आहे आणि तिने खेळाडूची नोकरीही जाते व खेळही जातो. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य टोकाला स्ट्रॅनरार आहे आणि ईशान्येला पीटरहेड. मंगळवारी रात्री यांच्यात सामना असेल तर पाहुण्या संघातील सुताराला आणि शिक्षकाला दुपारपूर्वीच काम सोडून निघावे लागते व पहाटे घरी पोहोचून पुन्हा कामावर जावे लागते. त्या दिवसाच्या बुडालेल्या रोजाची भरपाई करारात आकड्यासह लिहिलेली असावी, आणि तो आकडा ठरवण्याच्या बैठकीला खेळाडूच्या दिवसाच्या मालकालाही बोलावणे धाडावे.